जुन्या अमेरिकन शेतजमिनीचे खरेदीखत वाचून नकाशा कसा काढावा

अठराव्या शतकातल्या व्हर्जिनिया किंवा पेनसिल्व्हेनियातल्या शेतजमिनीचे खरेदीखत मराठी वाचकाच्या हाती आले की एक चूक जवळजवळ ठरलेली असते. आपल्याला दस्तात चतुःसीमा वाचायची सवय: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. तोच साचा मनात धरून ‘देन्स साउथ सिक्स्टी डिग्रीज ईस्ट, एटी पोल्स टू अ रेड ओक’ या ओळीचे ‘पूर्वेस लाल ओकचे झाड’ असे भाषांतर केले जाते. दस्त तसे म्हणतच नाही. तो चालायला सांगतो: इथून दक्षिणेकडे तोंड करा, साठ अंश पूर्वेला वळा, ऐंशी पोल चाला, लाल ओकपाशी थांबा. सगळा हद्दीचा मजकूर म्हणजे शेताभोवती पायी घातलेली एक फेरी आहे. फेरीचा क्रम मोडला की दस्त निरुपयोगी होतो.

इतिहासाचे विद्यार्थी, भाषांतरकार आणि तिकडे स्थायिक होऊन आपल्या घराखालच्या जमिनीचा जुना दस्त शोधणारे, या तिघांच्याही चुका साधारण त्याच असतात. त्या जिथे होतात तिथे पुढे जास्त थांबलो आहोत.

## 1. आधी राज्य पाहा, मग कोनमापक काढा

मूळ 13 वसाहती आणि केंटकी, टेनेसी, व्हरमाँट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्ये फेरीच्या पद्धतीची. ओहायोपासून पश्चिमेला बहुतेक ठिकाणी 1785 च्या लँड ऑर्डिनन्सची चौकोनी मोजणी आहे: सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. ओहायोतल्या व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये मात्र पुन्हा फेरीच.

चौकोनी पद्धतीचे इंग्रजी वर्णन शेवटाकडून वाचायचे, मराठीत तोच क्रम सरळ होतो. ‘सेक्शन 14 च्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश’ असेल तर आधी सेक्शन, मग त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश (160 एकर), मग त्यातला ईशान्य तुकडा, म्हणजे 40 एकर. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन तासाच्या टोकाला बैल वळतात तसे उलटसुलट ओळींनी जातात. ही रीत 1796 च्या कायद्याने आली. त्याआधी मोजलेल्या ओहायोतल्या पहिल्या सात रांगांत (टाउनशिपांच्या उभ्या ओळींत) आकडे आग्नेय कोपऱ्यातून उत्तरेकडे चढत जातात. ही पद्धत एवढ्यात संपते. खरे कष्ट फेरीच्या दस्ताचे आहेत आणि पुढचे सगळे त्याबद्दल आहे.

साहित्य: पूर्ण वर्तुळाचा पारदर्शक कोनमापक, मिलिमीटरचा आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, टोकदार पेन्सिल, साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर, आणि दस्ताच्या पानाची मोठी करून काढलेली प्रत.

मापे पाठच करा. पोल, पर्च आणि रॉड ही एकाच लांबीची तीन नावे: साडेसोळा फूट. चार पोलांची एक चेन, 66 फूट, 100 लिंकांची. चौरस 160 पोल म्हणजे एक एकर, 10 चौरस चेन म्हणजेही एक एकर. चाळीस चौरस पोल म्हणजे एक रूड, पाव एकर.

गुंठ्यात विचार करणाऱ्याला हे फार सोपे जाते. आपला गुंठा 33 फूट बाजूचा, म्हणजे दोन पोल बाजूचा चौरस. त्यामुळे चार चौरस पर्च म्हणजे बरोबर एक गुंठा आणि एक रूड म्हणजे दहा गुंठे. ‘104 एकर 2 रूड 17 पर्च’ म्हणजे 104 एकर सव्वाचोवीस गुंठे, दशांश न काढता.

सावध: ‘पर्च’ लांबीचेही माप आहे आणि क्षेत्राचेही. हद्दीच्या ओळीत लांबी, क्षेत्राच्या ओळीत चौरस.

## 2. दस्त योग्य काउंटीत शोधा

दस्त काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयातल्या डीड बुकमध्ये, म्हणजे दस्तांच्या नोंदवहीत, नोंदलेले असतात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये ते गावाच्या म्हणजे टाउनच्या क्लार्ककडे असतात. बऱ्याच काउंट्यांची पाने फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

काउंट्या फुटत गेल्या. आज शेत ज्या काउंटीत आहे तिथे नव्हे, तर दस्ताच्या तारखेला ती जमीन ज्या काउंटीत होती तिथे शोधायचे. केंटकी 1792 पर्यंत आणि वेस्ट व्हर्जिनिया 1863 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, हे विसरल्याने महिने वाया जातात.

सूच्या दोन असतात: लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा. नावापुढे ‘एट उक्स’ असेल तर ‘आणि पत्नी’, ‘एट अल’ असेल तर ‘व इतर’. ‘व इतर’मध्ये दडलेल्या भावंडांची नावे सूचीत सापडत नाहीत, त्यासाठी दस्तच उघडावा लागतो. सूची नोंदणीच्या क्रमाने लावलेली असते आणि दस्त लिहिल्यानंतर नोंदणी बऱ्याच वर्षांनी झाली असू शकते, म्हणून दस्ताच्या अपेक्षित तारखेच्या पुढची तीसेक वर्षे तरी चाळा.

जमीन खरेदी केल्याचा दस्त मिळत नाही, विकल्याचा मात्र मिळतो, असे झाले तर बहुधा ती वारशाने आली आहे. मृत्युपत्रांचे पुस्तक पाहा. तेही कोरे निघाले तर आणखी एक शक्यता उरते. व्हर्जिनियात 1785 चा कायदा होईपर्यंत मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन थोरल्या मुलाकडे जायची, आणि आपल्याकडच्या वारस फेरफारासारखी त्याची वेगळी नोंद होत नसे. साखळीतली अशी मुकी कडी वडील-मुलाच्या नात्यानेच जोडावी लागते.

## 3. आहे तसा उतरवून घ्या, सुधारू नका

ओळीला ओळ ठेवून उतरवा. स्पेलिंग दुरुस्त करू नका, लघुरूपे फोडू नका, फोडलीच तर चौकटी कंसात. पुन्हापुन्हा येणारा ‘सेड’ म्हणजे आपल्या दस्तांतला ‘सदर’. शब्दाच्या मधला लांबट ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘ye’सारखे दिसणारे दोन अक्षरी रूप ‘द’ असे वाचायचे.

सर्वात महाग पडणारी चूक अंशाच्या चिन्हाची. आकड्याच्या डोक्यावरचे बारीक वर्तुळ शून्य म्हणून वाचले जाते आणि ‘7 अंश’चे ‘70’ होतात. या पद्धतीत 90 च्या पुढचा आकडा येतच नाही, त्यामुळे ‘300’ दिसले तर चूक लगेच कळते. पण 7 चे 70 झाले तर काहीच खटकत नाही.

तपासा: उतरवून झाल्यावर ‘देन्स’ (म्हणजे ‘तिथून’) हा शब्द मूळ पानावर किती वेळा आहे ते मोजा, मग तुमच्या प्रतीत मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. एका ‘देन्स’वरून नजर घसरून पुढच्यावर जाणे ही नकलाकाराची नेहमीची चूक, तेव्हाच्या क्लार्कचीही आणि आजच्या वाचकाचीही.

## 4. तारीख पक्की करा

1751 पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष 25 मार्चला लागत असे. म्हणून 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या तारखांचे वर्ष आपल्या हिशेबाने एकाने पुढचे असते.

दस्तावर ‘10 फेब्रुवारी 1748’ आहे आणि पुढे ‘जॉर्ज दुसऱ्याच्या राजवटीचे बाविसावे वर्ष’ असे लिहिले आहे, असे धरा. जॉर्ज दुसरा जून 1727 मध्ये गादीवर आला, म्हणजे बाविसावे वर्ष जून 1748 ते जून 1749. त्यात येणारा फेब्रुवारी 1749 चाच. टिपणात ‘10 फेब्रुवारी 1748/9’ असे लिहा, दोन्ही वर्षे दिसतील अशा रीतीने. राजवटीचे वर्ष बहुतेक जण गाळतात, पण तारखेचा खरा पुरावा तेच असते.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या दस्तांत महिन्यांची नावे नसतात. 1752 पूर्वीचा त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

## 5. कोणी, कोणाला, कितीला

पाच शिलिंग ही किंमत नव्हे. पुष्कळ विक्र्या ‘लीज अँड रिलीज’ या जोडदस्ताने झाल्या. पहिल्या दिवशी एक वर्षाचा भाडेपट्टा, पाच शिलिंगांना. वर्षाअखेरचे भाडे काळ्या मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवरचा उरलेला हक्क सोडून देणारा दुसरा दस्त, आणि खरी रक्कम त्यात. घेणारा कागदोपत्री आधीच ताब्यात असल्यामुळे शेतावर जाऊन कब्जा देण्याचा विधी टळायचा. पाच शिलिंग दिसले की पान उलटा. जोडीचा दस्त लगतच असतो. ‘नैसर्गिक प्रेम आणि माया, व पाच शिलिंग’ असे असेल तर ते बक्षीसपत्र आहे, बहुधा मुलाला किंवा जावयाला दिलेले.

कब्जा प्रत्यक्ष दिला असेल तर दस्ताखाली तशी टीप असते. लिहून देणाऱ्याने त्याच जमिनीतले गवताच्या मुळांसकट एक ढेकूळ आणि झाडाची एक डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायची. ही टीप सापडली तर जपून उतरवा. दोन्ही पक्ष शेतावर हजर होते, याचा असा पुरावा दस्ताच्या दुसऱ्या कुठल्या ओळीत मिळत नाही.

पौंड वाचताना चलन कुठले ते पाहा. एकच स्पॅनिश डॉलर लंडनच्या स्टर्लिंगमध्ये साडेचार शिलिंग, व्हर्जिनियात सहा, पेनसिल्व्हेनियात साडेसात आणि न्यूयॉर्कमध्ये आठ शिलिंग असा चाले. दोन वसाहतींतले भाव सरळ शेजारी मांडले तर तुलनाच खोटी ठरते.

पत्नीचे नाव खास शोधा. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर विधवेचा हयातभर हक्क असे, त्याला डॉवर म्हणत. विक्रीच्या वेळी तो सोडण्यासाठी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत, जबरदस्ती नाही ना म्हणून. ती न्यायालयात येऊ शकत नसेल तर घरी जाऊन जबाब घ्यायचा हुकूम निघे आणि तो जबाब कधी कधी बऱ्याच पानांनंतर नोंदला जाई. म्हणून दस्तात पत्नी नाही यावरून माणूस अविवाहित होता असे कधीच ठरवू नका.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही. त्या गावात त्या नावाचा थोरला आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ.

सावध: डीड बुकमधली सही ही सही नसते. मूळ दस्त घेणाऱ्याला परत जाई, पुस्तकात क्लार्कची नक्कल राही. सगळ्या सह्या एकाच हाताच्या दिसतात त्या यामुळे. नावाच्या मधोमध ‘हिज मार्क’ असेल तर तिथे मूळ कागदावर निशाणी होती. ‘एल एस’ ही अक्षरे म्हणजे मोहोरेची जागा.

## 6. फेरीचा तक्ता करा

सरावासाठी बेतलेला हा नमुना पाहा. पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून:

- उ 30 पू, 120 पोल, हिकोरीपर्यंत
- द 60 पू, 80 पोल, लाल ओकपर्यंत
- द 30 प, 100 पोल, दगडांच्या ढिगापर्यंत
- उ 60 प, 80 पोल, सुरुवातीपर्यंत
- क्षेत्र 60 एकर, ‘कमी वा जास्त’

दिशा नेहमी उत्तर किंवा दक्षिणेपासून मोजायची. पूर्ण वर्तुळाच्या कोनमापकासाठी ती अशी बदला: उत्तर-पूर्वेत आकडा तसाच, दक्षिण-पूर्वेत 180 मधून वजा, दक्षिण-पश्चिमेत 180 मध्ये मिळवा, उत्तर-पश्चिमेत 360 मधून वजा. वरचे चार कोन मग 30, 120, 210 आणि 300 होतात.

झाड आणि शेजारी यांचा रकाना वेगळा ठेवा. ‘कॉर्नर टू’ म्हणून येणारे नाव म्हणजे ज्याचा कोपरा तिथे येतो तो शेजारी, आणि पुढे नकाशा जमिनीवर बसवताना हाच रकाना कामाला येतो.

## 7. आखा

एक मिलिमीटरला एक पोल हे प्रमाण घ्या. ते साधारण 1:5000 येते आणि गुणाकाराची गरजच राहत नाही. पानाच्या मध्यावर सुरुवातीचा बिंदू ठेवा, उत्तर वर. प्रत्येक कोपऱ्यावर कोनमापक ठेवताना त्याची उत्तर पानाच्या उत्तरेशीच जुळवा, आधीच्या रेषेशी नव्हे. नवख्यांचे पहिले चार नकाशे याच चुकीने बिघडतात.

‘ओढ्याच्या वळणांनुसार खाली, सुरुवातीपर्यंत’ असे असेल तर ती बाजू तुटक रेषेने जोडा आणि बाजूला ‘ओढा’ लिहा. ती सरळ रेषा हद्द नव्हे. त्यावरून काढलेले क्षेत्र दस्ताशी तंतोतंत जुळणारही नाही.

## 8. तोंड जुळत नसेल तर

नमुना आखून पाहा. शेवटचा बिंदू सुरुवातीवर येत नाही; 20 पोल, म्हणजे 330 फूट, लांब राहतो. इथे बहुतेक जण शेवटची रेषा ओढून ताणून जोडतात. तसे करू नका. ही फटच चूक कुठे आहे ते दाखवते.

फटीची दिशा मोजा. सुरुवातीपासून ती उ 30 पू अशी येते. चौघांपैकी याच दिशेला समांतर रेषा दोन: पहिली आणि तिसरी. म्हणजे दिशा सगळ्या बरोबर आहेत आणि या दोघींपैकी एकीची लांबी 20 पोलांनी चुकली आहे. आता क्षेत्र मदतीला घ्या. 120 गुणिले 80 म्हणजे 9600 चौरस पोल, भागिले 160, बरोबर 60 एकर. दोन्ही बाजू 100 धरल्या तर 50 एकर येतात. दस्त 60 म्हणतो, तेव्हा तिसऱ्या ओळीतले 100 हे मूळचे 120. तुमच्या टिपणात 100 तसेच ठेवा आणि शेजारी ‘120 वाचावे’ असे कारणासह लिहा.

इतर फटींचीही अशीच ओळख असते:

- फट एखाद्या ओळीच्या उत्तर-दक्षिण अंतराच्या बरोबर दुप्पट आणि सरळ उत्तर-दक्षिण असेल तर त्या ओळीत उत्तरेची दक्षिण झाली आहे. पूर्व-पश्चिमेचेही तसेच.
- फट मोठी आहे आणि कुठल्याच ओळीशी नाते सांगत नाही, तर अख्खी एक ओळ गळली असेल. शेजाऱ्याचा दस्त किंवा त्याच जमिनीचा आधीचा दस्त उघडा, ती ओळ तिथे असते.
- आकृती जुळते पण क्षेत्र सोळापट किंवा सोळाव्या हिश्शाएवढे येते, तर पोल आणि चेन यांची अदलाबदल झाली आहे.

दोन-तीन पोलांची फट ही चूक धरू नका. डोंगराळ जंगलातून साखळी ओढत केलेल्या मोजणीत तेवढे चालायचेच.

मजकुरातल्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडत असतील तर अमेरिकन न्यायालयांचा साधारण क्रम लावा: आधी ओढा-कडा यांसारख्या नैसर्गिक खुणा, मग रोवलेले दगड आणि खांब, मग शेजाऱ्याची हद्द, त्यानंतर दिशा, मग अंतर, आणि सगळ्यात शेवटी क्षेत्र. वरच्या नमुन्यात क्षेत्राला कौल देता आला तो फक्त बाकी काही त्याच्या विरुद्ध बोलत नव्हते म्हणून.

## 9. नकाशा जमिनीवर बसवा

दिशा होकायंत्राच्या आहेत. चुंबकीय उत्तर काळानुसार सरकते, म्हणून 1749 ची उत्तर आजच्या नकाशाची उत्तर नव्हे. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर 1750 पासूनचा हा फरक ठिकाण आणि वर्षानुसार काढता येतो. 120 पोलांच्या बाजूवर एका अंशाच्या चुकीने टोक सुमारे 35 फूट सरकते, पाच अंशांनी 170 फुटांच्या वर. दुरुस्ती करताना ट्रेसिंग पेपरवरची पूर्ण आकृती एकदम फिरवा. एकेक रेषा फिरवू नका, आकृती मोडते.

मग शेजाऱ्यांचे दस्त आखा आणि सामाईक बाजू जुळवत जा. एकट्या शेताला पत्ता नसतो. पाच-सहा शेते एकमेकांत बसली आणि एकाला ओढ्याची ठळक वळणे मिळाली की सगळी जागेवर येतात. शेजाऱ्याची मोजणी वीस-तीस वर्षे पुढेमागे असेल तर त्याची आकृती त्या वर्षाप्रमाणे वेगळी फिरवावी लागेल. 1:24000 च्या सरकारी नकाशावर एक पोल 0.21 मिलिमीटरचा होतो, म्हणजे आपली 120 पोलांची बाजू जेमतेम 25 मिलिमीटर.

तोच ओक नंतरच्या दस्तात ‘हिकोरी’ किंवा नुसता ‘खुंट’ झाला तर दचकू नका. झाडे पडायची. व्हर्जिनियात दर चार वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून हद्दी चालून खुणा ताज्या करायच्या, असा कायदाच होता. त्या फेऱ्यांच्या नोंदी पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) व्हेस्ट्री बुकांत, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळाच्या वह्यांत, सापडतात.

सावध: हा नकाशा अभ्यासाचा आहे. आजच्या कुंपणाचा वाद यावरून मिटवू नका, त्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो.

## 10. साखळी पहिल्या दस्तापर्यंत न्या

प्रत्येक दस्तात बहुधा ‘ही जमीन अमक्याने तमक्याकडून घेतली’ अशी ओळ असते. तिला धरून मागे जात राहा. शेवटी पेटंट किंवा ग्रांट लागते: राजा, प्रोप्रायटर (राजाने मोठा मुलूख बहाल केलेला धनी) किंवा सरकार यांनी पहिल्या माणसाला दिलेली सनद. ती काउंटीत नव्हे, राज्याच्या दफ्तरात असते. व्हर्जिनियाच्या सनदा लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात, आणि केंद्र सरकारने दिलेल्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संग्रहात.

टिपणात सनदेपुढे ‘मूळ मालक’ असे लिहू नका, ‘पहिला सनदधारक’ लिहा. त्याच्याआधी त्या जमिनीवर मूळनिवासी राष्ट्रे होती. 1763 च्या राजाज्ञेने खासगी माणसांना त्यांच्याकडून जमीन घ्यायला मनाई केली आणि 1823 च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशा खरेद्या अमान्य ठरवल्या. त्यांच्याशी झालेले तह डीड बुकमध्ये सापडत नाहीत. त्या काउंटीचा भाग ज्या तहात आला त्याचे नाव आणि वर्ष शोधून साखळीच्या सर्वात वरच्या ओळीत भरा. तह सापडला नाही तर ती ओळ रिकामी ठेवा, पण पुसू नका.